अश्वजित पहाटे का धावतो?

वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघे येथील तरुण गुन्हेगार का होतात, याचा शास्त्रीय अभ्यास करण्याचे एका संस्थेने ठरवले. तिथले तरुण गुन्हेगार होत होते असे नाही. पण मार्चअखेर अनुदान परत गेले असते. प्रकल्पप्रमुख डॉ. अनुप यांचा सिद्धांत साधा होता. नुसता माणूस वाईट नसतो, नुसती जागाही वाईट नसते. दोन्ही एकत्र आले की गुन्हा घडतो. यात चूक काढण्यासारखे काही नाही. फक्त माणूस कोणता आणि जागा कोणती, एवढेच ठरायचे होते.

सुरुवात नव्या ले-आउटपासून, म्हणजे प्लॉट पाडून बांधलेल्या बंगल्यांच्या वसाहतीपासून, झाली. तिथल्या बहुतेक फाटकांआडून 'घरी कोणी नाही' असे घरच्याच माणसांनी सांगितले. सोसायटीचे अध्यक्ष बापूजी यांनी फाटकाच्या आत उभे राहून मुलाखत दिली.

"आमच्या इथं असं काही होत नाई, साहेब. सगळे शिकलेले लोकं आहेत."

आठवड्यापूर्वी बापूजींचे चिरंजीव मुकेश यांनी विनापरवाना चालवलेली कार भाजीच्या हातगाडीवर घातली होती. पण ते प्रकरण चार लोकांत बसून मिटवल्यामुळे तो गुन्हा न राहता प्रसंग झाला होता. प्रश्नावलीत प्रसंगाला रकाना नव्हता. ले-आउटमधील गुन्हे: शून्य.

मग पथक मागच्या वस्तीत गेले. तिथे कोणी काही विचारायच्या आत खुर्च्या बाहेर आल्या, पाणी आले, चहा आला. "बसा न, मॅडम, उन्हातान्हाच्या आल्या," असे म्हणत लोकांनी नाव, वय, शिक्षण, पगार आणि घरातली भांडणेसुद्धा सांगून टाकली. संशोधन सहायक आचल यांनी संध्याकाळपर्यंत सारा नमुना पूर्ण केला. ज्याने चहा पाजला तो नमुन्यात गेला, इतकी ही पद्धत सरळ होती.

दीपमालाबाईंच्या घरी तर चहासोबत पोहेही मिळाले. त्यामुळे त्यांच्या मुलाची, अश्वजितची, सखोल पाहणी करायचे ठरले. तो 'सहभागी क्रमांक सतरा' झाला.

पाहणीत तीन गंभीर बाबी आढळल्या. सतरा पहाटे रस्त्याने जोरात धावतो आणि त्याच्यामागे कोणीच लागलेले नसते. तो मैदानात वजनदार गोळा लांबवर फेकतो. आणि चोरी, दरोडा, मारहाण यांची कलमे त्याला तोंडपाठ आहेत.

"अहो मॅडम, पोलीस भरतीची तयारी करून राह्यला न तो," दीपमालाबाई म्हणाल्या.

आचल यांनी लिहिले: 'वर्तनास कुटुंबाचे समर्थन.'

मध्यंतरी निष्कर्षांची कार्यशाळा झाली. पडद्यावर वस्तीचा नकाशा लाल रंगात उमटला. ले-आउट हिरवे होते. बापूजींनी टाळ्या वाजवल्या आणि लाल भागाचा बंदोबस्त करण्याची मागणी केली. पोलीस ठाण्याने संशोधनाचा मान राखला. दुसऱ्या दिवसापासून अश्वजित पहाटे धावायला लागला की मागून मोटारसायकलवर एक शिपाई येऊ लागला. अश्वजितचा वेग फार सुधारला. डॉ. अनुप यांनी नोंद केली की पोलीस दिसताच सहभागी अधिक जोरात पळतो.

अंतिम अहवालात एक भक्कम पुरावा वाढला: सतरा पोलिसांच्या निरीक्षणाखाली आहे.

तेवढ्यात भरती झाली. अश्वजित मैदानी चाचणीत वरच्या यादीत आला, लेखीतही पास झाला. दीपमालाबाईंनी विहारात खीर वाटली. उरली होती फक्त चारित्र्य पडताळणी. ठाण्याने इमानदारीने कळवले की उमेदवाराविरुद्ध एकही गुन्हा नाही, मात्र तो निरीक्षणाखाली आहे. कशासाठी, असे वरून विचारले गेले, तेव्हा ठाण्याने संस्थेचा अहवाल जोडला. अहवालात आधार म्हणून ठाण्याचे निरीक्षण होतेच. इतका पक्का पुरावा जिल्ह्यात क्वचितच सापडत असेल.

दीपमालाबाई डॉ. अनुप यांच्याकडे गेल्या.

"साहेब, एवढं लिहून द्या का ह्या पोरानं काही केलं नाई. त्याची नोकरी अडकून राह्यली."

"ताई, तसं लिहिता येत नाही. सहभागीची ओळख उघड करणं संशोधनाच्या नीतीत बसत नाही."

"साऱ्या पिपरीले माहीत हाय न साहेब, सतरा म्हंजे माहा अश्वजित!"

"पिपरीला माहीत असणं वेगळं. आम्ही लिहून दिलं तर गोपनीयतेचा भंग होतो." डॉ. अनुप खरोखर हळहळले. "आणि त्यानं अजून काही केलं नाही, हे आमच्या प्रकल्पाचंच यश आहे."

हे म्हणणे तर्काला धरून होते. सतराने गुन्हा केला असता तर सिद्धांत खरा ठरला असता. केला नाही, म्हणून उपाययोजना खरी ठरली. ह्या यशाबद्दल संस्थेला मुदतवाढ मिळाली आणि समाजभवनात पहिल्या टप्प्याच्या समारोपाचा कार्यक्रम झाला. बापूजी अध्यक्षस्थानी होते.

डॉ. अनुप बोलत असताना अश्वजित मागच्या दाराने आत आला. कोणाकडे न पाहता तो सरळ मंचाकडे चालू लागला. उजवा हात खिशात होता. बापूजींनी गळ्यातला गोफ शर्टाच्या आत सारला. शिपायाने काठी सावरली. आचल यांनी मोबाइलचा कॅमेरा सुरू केला. डॉ. अनुप यांचा आवाज चढला. त्यात भीती होती, पण आशाही होती. एवढ्या मेहनतीनंतर ते साहजिकच होते.

अश्वजित मंचासमोर थांबला. त्याने खिशातून हात काढला. हातात रुमाल होता. त्याने घाम पुसला.

"सर, पडताळणीची मुदत उद्या संपून राह्यली. सोबतचे पोरं ट्रेनिंगले निघाले. माही चूक काय झाली, तेवढंच सांगा. काऊन मले नाई जाऊ देत?"

डॉ. अनुप यांनी भाषणाचे पान उलटले. अश्वजित 'जय भीम' म्हणून आल्या वाटेने निघून गेला. खुर्ची तुटली नाही, काच फुटली नाही, कोणाला साधी शिवीही मिळाली नाही. आचल यांनी कॅमेरा बंद केला. एका पोराची जन्माची नोकरी डोळ्यांदेखत गेली होती, तरी सभागृह निराश झाले ते वेगळ्याच कारणाने.

आणि वाचकहो, तुम्ही तर आईची खीरही पाहिली होती. तरीसुद्धा त्याचा हात खिशात होता तेव्हा तुम्ही काय बाहेर निघेल म्हणून थांबला होतात?