पिकेट कॉलेजचं माहेरपण

कुणीतरी हरल्याशिवाय कुणालाही जिंकता येत नाही, हे उच्च शिक्षणातलं मूलभूत तत्त्व आहे. १९५३ साली आयोवातल्या पिकेट कॉलेजने ही जबाबदारी जवळजवळ एकट्याने उचलली. चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकी फुटबॉलचे आठ सामने, आठ पराभव, एकूण कमाई दोन गुण (तेही समोरचा गडी उलट्या दिशेने पळाला म्हणून).

तरी प्रशिक्षक ऑर्व्हिल टेड्रोच्या संघाला मागणी विलक्षण. त्या मुलखात प्रत्येक कॉलेज शरदात माजी विद्यार्थ्यांचं माहेरपण करतं: मिरवणूक, बँड, विद्यार्थिनींतून राणीची निवड आणि सामना. माहेरी आलेल्यांना पराभव दाखवणं बरं दिसत नाही, म्हणून पाहुणा संघ हमखास हरणारा लागतो. आठांपैकी सात आमंत्रणं अशीच आलेली. पोरं गुणी निघाली. वेळेवर हरायची, यजमानांचं अभिनंदन करायची, राणीसाठी टाळ्या वाजवायची आणि तळलेली कोंबडी खाऊन परतायची. (एका कॉलेजने तर आभाराचं पत्र धाडलं.)

नववा सामना मात्र पिकेटच्याच माहेरपणाचा होता. कॉलेजचे अध्यक्ष डॉ. व्हिटकोम्ब म्हणाले, "टेड्रो, हा हरलात तर सोमवारी कॉलेजचं घर रिकामं करा."

व्हेल्माने, म्हणजे त्याच्या बायकोने, कपाळावर हात मारला. "चार पोरं आणि माझा पियानो घेऊन जायचं कुठं? एक तरी सामना जिंक रे बाबा!"

ऑर्व्हिल कागद-पेन घेऊन बसला. मग त्याने तर्कशुद्ध विचार केला: आपल्याहून कच्चा संघ शोधायचा. तीन राज्यांतल्या अकरा कॉलेजांना पत्रं गेली. दहा जणांनी कळवलं की पुढच्या वर्षी आम्हीच तुम्हाला बोलावणार होतो. अकरावं होतं पाद्री घडवणारं विद्यालय. खेळाडू चौदा, पैकी चष्मेवाले सहा, सात वर्षांतले विजय शून्य. ऑर्व्हिलला देव पावला.

शनिवारी शेवटचं मिनिट उरलं, तरी गुण शून्य-शून्य. तेवढ्यात पिकेटचा लेस्टर क्रूगर चेंडू घेऊन सुटला. समोर चिटपाखरू नाही.

"पळ, लेस्टर, पळ! थांबशील तर बघ!" व्हेल्मा सगळ्यांदेखत किंचाळली.

ओलांडली की सहा गुण देणारी रेषा चार पावलांवर असताना लेस्टरला राणीचा फुलांनी सजवलेला गाडा दिसला, बँड ऐकू आला, आणि सात माहेरपणांची सवय आडवी आली. तो थांबला. मागून धापा टाकत आलेल्या चष्मेवाल्याला अदबीनं म्हणाला, "माफ करा हं, आज माहेरपण तुमचंच ना?" आणि त्याने चेंडू पुढे केला.

चष्मेवाला होतकरू पाद्री. खोटं बोलायचं नाही म्हणून तो काहीच बोलला नाही. चेंडू घेतला आणि दुसऱ्या टोकापर्यंत पळत सुटला. शून्य-सहा. पिकेटच्या संघाने रांगेत उभं राहून त्याचं अभिनंदन केलं.

सोमवारी पियानो ट्रकवर चढला. ऑर्व्हिल रडला, अगदी पोरांसमोर रडला.

नव्या प्रशिक्षकाला दोन मदतनीस हवे होते, म्हणून त्यांच्या पगारासाठी कॉलेजने रसायनाच्या आणि इतिहासाच्या प्राध्यापकांना घरी बसवलं. ही गोष्ट मार्चपर्यंत कुणाच्या ध्यानात आली नाही. तुम्ही हसू नका. इतका वेळ गुण मोजत बसलात. या कॉलेजात शिकवतात काय, हे कुठं विचारलंत?