निरुपद्रवी अभ्यासक्रम

विमा कंपनीच्या डेटाबेसची, म्हणजे असंख्य ग्राहकांच्या पत्त्यांची, आजारांची आणि बँक खात्यांची राखण ज्या बाईंकडे होती, त्यांना साहेबांचा लेखी आदेश आला: डेटाबेसची सुरक्षा त्वरित शिकून घ्यावी. माहिती बाहेर गेल्यास नोकरी जाईल. कोणाची, तेही आदेशात स्पष्ट होतं.

बाई बिचाऱ्या लगेच कामाला लागल्या. शोधशोधून त्यांनी एक उत्तम पुस्तक आणि एक बरी व्हिडिओमालिका हुडकली. दोन्ही उघडेनात. पडद्यावर सूचना झळकली: 'मजकुरात हल्ला, चोरी, घुसखोरी असे शब्द आढळल्याने कार्यालयीन शिस्तीस्तव बंद.'

बाई तणतणत सुरक्षा विभागात गेल्या. "अहो, चोरी कशी होते ते कळल्याशिवाय ती थांबवू कशी?"

"चोरही हेच शिकतात, बाई," विभागप्रमुख गंभीरपणे म्हणाले. "तुमच्यावर संशय नाही. फक्त नोंद घेतली आहे."

"पण पुस्तक बाजारात उघड मिळतं हो!"

"म्हणजे चोरांनाही मिळतं. मग असलं फुटलेलं पुस्तक आपल्या काय कामाचं?"

शेवटी साहित्य निवड समिती नेमली. सदस्यांपैकी कोणीच डेटाबेस पाहिलेला नव्हता, त्यामुळे निर्णय निःपक्षपाती झाला. धोकादायक शब्द गाळून एक पुस्तिका मंजूर झाली. पहिल्या प्रकरणात सूर्योदयाचं चित्र होतं, दुसऱ्याचं नाव 'डेटाबेस आपला मित्र', आणि तिसरं गाळलेलं होतं. बाईंनी कपाळावर हात मारला. परीक्षेत मात्र झाडून सगळे पास झाले, कॅन्टीनचा आचारीसुद्धा. प्रशिक्षित मनुष्यबळ वाया जाऊ नये म्हणून सर्वांना डेटाबेसचा पासवर्ड देण्यात आला.

मग व्हायचं तेच झालं. सगळी माहिती चोरीला गेली.

बाईंनी लगेच अहवाल पाठवला. त्यात 'चोरी' हा शब्द असल्याने तो साहेबांपर्यंत पोहोचलाच नाही. अहवाल नाही म्हणजे चोरी नाही. बाईंची नोकरी वाचली, वर उत्कृष्ट राखणीबद्दल कौतुकही झालं.

पण बाईंना झोप लागेना. लोकांची आजारपणं, लोकांच्या ठेवी! निदान ज्यांचं गेलं त्यांना तरी कळू दे, म्हणून त्यांनी समितीच्या हातापाया पडून ग्राहकांना सूचना पाठवली. मंजूर भाषेत, पण खरं काय ते सगळं सांगणारी: 'आपली माहिती अनोळखी व्यक्तींकडे स्थलांतरित झाली आहे.' खाली नियमाप्रमाणे एक बटण होतं: 'वाचले, मान्य आहे'.

बाई फोनजवळ बसून राहिल्या. कोणीतरी चिडेल, शिव्या घालेल, जाब विचारेल, मग साहेबांना जागं व्हावंच लागेल. फोन एकदाही वाजला नाही. सगळ्यांनी बटण दाबलं होतं.

तुम्हीसुद्धा. आता आठवत नसेल, कारण वाचलं कुठे होतंत?