हिरवी जेली आणि विमानाचा सोळावा हिस्सा

प्रवासी उतरून गेले, त्यांची गाडी नजरेआड झाली, की विमानात उरलेलं खाणं वैमानिकांचं. असं कुठे लिहिलेलं नाही, पण छोट्या जेटवर नोकरी करणारा प्रत्येक जण हा नियम पहिल्याच आठवड्यात शिकतो. त्या सकाळी विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉसच्या विमानतळावर मिस्टर लोवेल वॉन्ड्राचेक यांची गाडी बर्फाच्या ढिगाआड वळली, तेव्हा सहवैमानिक डेल्फिन ब्रूसार हिच्या पोटात कावळे नुसते ओरडत नव्हते, त्यांची सभाच भरली होती.

पहाटेपासून कंपनीने तिच्या फोनवर दिवसाचा बेत तीनदा बदलला होता. आधी डेन्व्हर, मग कॅन्सस सिटी, आणि बुटाची नाडी बांधून होईपर्यंत नेब्रास्कातलं नॉरफोक, तिथून मिस्टर वॉन्ड्राचेकना घेऊन ला क्रॉस. त्या धावपळीत हॉटेलची न्याहारी हुकली. आधीच्या नोकरीत, मोठ्या विमानकंपनीत, ती फक्त विमान चालवायची. इथे ते मधल्या वेळेत करायचं काम होतं. बाकीचा वेळ बॅगा चढवा, बर्फ भरा, कॉफी करा, वर्तमानपत्रांच्या घड्या घाला आणि प्रवासी गेले की संडासाची टाकी रिकामी झाली का ते बघा.

मिस्टर वॉन्ड्राचेक यांचा धान्याच्या कोठ्यांचा मोठा कारखाना होता आणि अनेक मालकांत वाटलेल्या या विमानाचा सोळावा हिस्सा. "सोळावा म्हणजे नक्की कुठला भाग?" असं डेल्फिनने नोकरीला लागल्या लागल्या विचारलं होतं.

"तो तक्रार करत असेल तेव्हा अख्खं विमान," कॅप्टन आर्विड स्टेनस्रूड म्हणाले होते.

कॅप्टन या क्षणी टाय खांद्यावर टाकून, गुडघ्यांवर बसून गालिच्यावरचा कॉफीचा डाग पुसत होते, वर शीळही घालत होते. थोड्या वेळापूर्वी याच माणसाने आडव्या वाऱ्यात, निसरड्या धावपट्टीवर विमान असं टेकवलं होतं की मागे मिस्टर वॉन्ड्राचेक यांची डुलकीसुद्धा मोडली नाही. मग खाली उतरून त्यांची बॅग स्वतः गाडीपर्यंत नेली होती. कुणाला कोणता पेपर लागतो, कुणाचा कुत्रा कुठल्या खुर्चीवर बसतो, कुणाच्या घटस्फोटाबद्दल विचारायचं नाही, सगळं त्यांना तोंडपाठ. डेल्फिनला वाटायचं, कॅप्टन व्हावं तर असं. पण त्याआधी तिला पुढच्या महिन्यात कायम व्हायचं होतं. तोवर एका जरी मालकाची तक्रार आली तरी नारळ मिळणार होता.

तिने फ्रिज उघडला. आत काचेचं एक भांडं, वर चांदीचा कागद. तिने कागद उचलला आणि एक पाऊल मागे सरकली. आत हिरवीगार जेली थरथरत होती. जेलीच्या पोटात गाजराचा कीस, ऑलिव्ह आणि ट्यूना मासा लटकले होते.

"कॅप्टन, हे काय आहे?"

कॅप्टननी वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगं, सॅलड आहे!"

"सॅलड हलत नसतं."

"आमच्या मिनेसोटात हलतं. चर्चच्या जेवणात, मयताच्या जेवणातसुद्धा, हे नसलं तर लोक परत जातात. आण चमचे."

"आमच्या लुइझियानात हे कुणी पानात वाढलं असतं तर दोन घराण्यांचं वैर झालं असतं," डेल्फिन म्हणाली आणि चमचे घेऊन आली. भूक मोठी वाईट. पहिला घास तिने डोळे मिटून गिळला, दुसरा उघड्या डोळ्यांनी, आणि शेवटी कडेला लागलेलं तिनेच खरवडलं. मग घरंदाज माणसांसारखं दोघांनी भांडं धुतलं, पुसलं आणि परत फ्रिजमध्ये ठेवलं.

इतक्यात ऑफिसातून फोन आला. कॅप्टननी तो स्पीकरवर घेतला.

"मिस्टर वॉन्ड्राचेक बोलले आत्ता," तिकडची मुलगी म्हणाली. "त्यांच्या आईने दिलेलं काचेचं भांडं तुमच्या फ्रिजमध्ये राहिलंय. परतीला आम्ही दुसरं विमान पाठवू आणि ते भांडं कुठेतरी फ्लोरिडात जाईल, अशी त्यांना भीती वाटतेय. संध्याकाळी नॉरफोकला आई घ्यायला येणार आहे, तेव्हा ते हातात हवं म्हणजे हवं. दोनदा सांगितलं त्यांनी. आहे ना भांडं?"

"भांडं आहे," कॅप्टन म्हणाले आणि फोन ठेवला.

डेल्फिनच्या तोंडचं पाणी पळालं. बर्फाचे तुकडे चौकोनी नाहीत म्हणून तक्रार करणारा हा माणूस. त्याच्या नव्वदीच्या आईने हाताने केलेलं खाणं तिने खरवडून खाल्लं होतं.

"मी सांगतो, मी एकट्याने खाल्लं," कॅप्टन म्हणाले. "माझं काय, सात-आठ वर्षांत निवृत्त होणार मी."

"वा! कडा मी खरवडल्या आणि फाशी तुम्ही जाणार? ते नाही चालायचं."

कॅप्टननी घड्याळ पाहिलं, आभाळ पाहिलं, वादळ चुकवायचा रस्ता शोधावा तसं जरा डोकं खाजवलं. "मग करू या आपण. चव आठवतेय तुला?"

तिला चव न आठवायला काय झालं? ज्या घरात रश्श्यात मिरी कमी पडली तर काका जेवण सोडून उठायचे, त्या घरातली ती पोर. "लिंबाची जेली. गाजर जाड किसलेलं. ऑलिव्ह मधोमध कापलेले," ती जीभ टाळूला लावत म्हणाली. "थोडा कांदा. मेयॉनीज. आणि अगदी शेवटी नाकात जाणारं काहीतरी."

"हॉर्सरॅडिश!" कॅप्टन भारावून म्हणाले. "ती बाई कलावंत आहे."

विमानतळावर वैमानिकांसाठी एक जुनी गाडी ठेवलेली असते, कुणीही किल्ली घ्यावी आणि पेट्रोल भरून परत आणावी. ला क्रॉसची गाडी पूर्वी पोलिसांची होती. ती मागे दिसली की पुढचे लोक वेग कमी करायचे, त्यामुळे दुकानापर्यंत सगळी वाहतूक गोगलगायीच्या चालीने गेली. गल्ल्यावरच्या बाईने जेलीची पाकिटं, ट्यूना आणि ऑलिव्ह एकेक करून पाहिले, मग गणवेशातल्या या दोघांकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "कुणी गेलं का हो घरातलं?"

"अजून नाही," कॅप्टन म्हणाले.

टर्मिनलच्या कॉफीच्या यंत्रातून उकळतं पाणी घेऊन डेल्फिनने जेली कालवली. तेवढ्यात फोन थरथरला. मिस्टर वॉन्ड्राचेक यांची बैठक लवकर आटोपत होती, ते चारऐवजी दोनला निघणार होते. जेली घट्ट व्हायला पाकिटावर चार तास लिहिले होते आणि हातात पाऊण तास होता.

"फ्रिजचा काही उपयोग नाही," डेल्फिन म्हणाली.

"बाहेर बघ जरा. अख्खं विस्कॉन्सिन फ्रिज आहे."

त्यांनी भांडं पंखाखाली बर्फात रोवलं. डेल्फिन उड्डाणापूर्वीची पाहणी करत विमानाभोवती फिरायची आणि दर फेरीला जेलीचीही पाहणी करायची. एक कावळा बराच वेळ त्या भांड्याचा विचार करत होता, त्याला तिने टॉर्च दाखवून पळवलं. मग पंखांवर बर्फ धरू नये म्हणून रसायन फवारणारा ट्रक आला. ते रसायनही हिरवंच. फवारणारा माणूस नळी उचलतोय असं दिसताच डेल्फिनने पंखाखाली सूर मारला, भांडं कोटाच्या आत घेतलं आणि धावत सुटली.

"मॅडम, विमान इकडे आहे!" तो ओरडला.

मिस्टर वॉन्ड्राचेक आले तेव्हा जेली फ्रिजमध्ये होती, थरथरत होती, आणि तिच्यात आणि सकाळच्या जेलीत त्यांच्या आईलाही फरक सापडला नसता. डेल्फिनचा जीव भांड्यात पडला. परतीचं विमान ती चालवत होती. तिने ते अलगद उचललं, ढगांच्या वर नेलं, आणि वर स्वच्छ ऊन लागलं तेव्हा पहाटेपासून पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

मागे फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला. मग मिस्टर वॉन्ड्राचेक भांडं हातात धरून कॉकपिटच्या तोंडाशी येऊन उभे राहिले.

"हे काय आहे?"

"आपलं भांडं, सर," कॅप्टन म्हणाले.

"ते दिसतंय मला. यात ही जेली कशी? सकाळी कुणी खाल्ली नाही?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "खाल्ली, सर," डेल्फिन समोर बघतच म्हणाली. "सगळी. मीच खरवडली. तुमचा निरोप आला म्हणून आम्ही पुन्हा केली."

"पुन्हा केली?" मिस्टर वॉन्ड्राचेक मटकन जवळच्या खुर्चीत बसले. "अहो बाई, मला रिकामं भांडं हवं होतं! गेली कित्येक वर्षं मी ही जेली फ्रिजमध्ये ठेवून निघून जातो. तुमचे लोक गुपचूप खातात, भांडं धुऊन ठेवतात. मी ते आईला दाखवतो. ती खूश, मी सुटलो. एवढे वैमानिक पाहिले, पण ती परत भरून ठेवणारे तुम्हीच पहिले!"

"म्हणजे... तुम्हाला आवडत नाही?"

"कुणाला आवडते?"

"मला," कॅप्टन म्हणाले.

"सर, टाकून द्या ना मग," डेल्फिन म्हणाली. "आईची टाकवत नसेल तुम्हाला, पण ही काय, माझी आहे."

हा तोडगा मिस्टर वॉन्ड्राचेकना पटला. कचऱ्याची पिशवी उघडून त्यांनी भांडं कलतं केलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, आधी चमचाभर चाखून पाहिली. त्यांचा हात तिथेच थांबला.

"अगदी तिच्या हातची," ते म्हणाले. आवाज एकदम लहान मुलासारखा झाला होता. "तेच हॉर्सरॅडिश. आता कशी टाकू मी? तुम्ही काय करून ठेवलंत हे!"

डेल्फिनला त्यांच्याबद्दल माया वाटली आणि भीतीही वाटली, कारण ते आणखी चमचे शोधत होते. मिसिसिपी नदीपासून नेब्रास्काच्या सीमेपर्यंत मिस्टर वॉन्ड्राचेक एकेक घास घेत राहिले. कॅप्टन आनंदाने त्यांना मदत करत होते. डेल्फिनला विचारलं तेव्हा तिने दोन्ही हातांनी सुकाणू घट्ट धरून सांगितलं, "मी विमान चालवतेय, सर." उतरायच्या आधी कॅप्टननी चमचा ठेवला, हात पुसले आणि वाऱ्याचा वेग तिला असा वाचून दाखवला की जणू काही झालंच नव्हतं.

नॉरफोकला गाडीशेजारी इर्मा वॉन्ड्राचेक उभ्या होत्या. लोकरीची टोपी, मोठाले बूट, काखेत पिशवी. मुलाच्या हातातलं भांडं घेऊन त्यांनी कागद उचलला, आत पाहिलं, मग मान वर करून मुलाच्या टायकडे पाहिलं. टायवर हिरवा ठिपका होता.

"लोवेल! तू खाल्लीस?"

"हो आई. छान झाली होती."

"छान म्हणे! थापा मारू नकोस. सात वर्षांचा होतास तेव्हा टेबलाखाली कुत्र्याला द्यायचास, मला दिसत नव्हतं का?" म्हातारी खरोखर चिडली होती. "अरे, या पोरांसाठी करते मी ती! पहाटे बघते मी गाडीतून. हा बिचारा तुझी बॅग उचलतो, ही पोर आत खुर्च्या पुसते, धड चहाचा घोट घेत नाहीत, आणि मग तुला आभाळात नेऊन सुखरूप परत आणतात. त्यांच्या पोटात काहीतरी जावं म्हणून तुझ्या नावाने देते. आणि तू त्यांच्या तोंडचा घास खाल्लास?"

मिस्टर वॉन्ड्राचेक टायवरचा ठिपका अंगठ्याने पुसायला लागले. डेल्फिनला म्हातारीला मिठी मारावीशी वाटली आणि तिने मारलीही.

"उपाशीच असशील ना गं?" इर्माबाई तिची पाठ थोपटत म्हणाल्या. "मला वाटलंच होतं. म्हणून मी दुसरी करून आणलीय." त्यांनी काखेतल्या पिशवीतून आणखी एक काचेचं भांडं काढलं. पहिल्यापेक्षा मोठं.

मिस्टर वॉन्ड्राचेक यांच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदाच हसू आलं. त्यांनी स्वतःच्या हाताने डेल्फिनला चमचा दिला.

"खा, खा, लाजू नका," ते म्हणाले. "तुमच्याबद्दल ऑफिसला फार चांगलं कळवणार आहे मी. भांडं रिकामं झालं की लगेच."