होडी पल्याडच का जाते?

वल्हं घरी ठेवायचं ठरवलं, तिथंच सगळं बिघडलं.

त्याचं असं झालं. माझा मेहुणा चेतन अमेरिकेत नोकरी करून परत आला, तेव्हा त्यानं मला एक रबरी होडी भेट दिली. पंपानं फुगवायची, लांबट, दोन माणसं एकामागे एक बसतील एवढी. तिकडं तिला कयाक म्हणतात. सोबत बॅटरीवर चालणारी मोटार. ती होडीच्या नाकावर बसवायची, म्हणजे बैलासारखी होडीला ओढत नेते. (मेहुणा काही फुकट देतो तेव्हा आधी संशय घ्यावा, हे मला लग्नात कुणी सांगितलं नव्हतं.)

"दाजी, हिला ऑटोपायलट आहे," चेतन म्हणाला. "मोटारीच्या डोक्यात होकायंत्र बसवलंय. एकदा दिशा धरून बटण दाबलं, की वारा असो, लाट असो, मोटार आपोआप वळत राहते आणि होडी सरळ नेते. तुम्ही दोन्ही हात मोकळे सोडून मासे धरा."

मी कर्जतला एका सरकारी कचेरीत कारकून आहे. आपण न सांगता कुणीतरी सरळ काम करावं, ही माझी नोकरीइतकीच जुनी इच्छा. मी म्हणालो, "मग वल्हं कशाला? उगाच अडगळ!" वल्हं माळ्यावर गेलं आणि त्याच्या जागी मी ट्रान्झिस्टर घेतला. विश्वचषक चालू होता.

रविवारी भीमेवर गेलो. उजनी धरणाचं पाणी तिथपर्यंत फुगतं. नदीत वरच्या अंगाला बुडालेल्या बाभळींची खोडं आहेत, तिथं मरळ सापडते असं ऐकलं होतं. ट्रान्झिस्टरला आवाज नीट येईना, म्हणून तो मोटारीच्या डोक्यालाच पट्ट्यानं बांधला. तिथं कॉमेंट्री अशी खणखणीत यायला लागली, की मी स्वतःच्या हुशारीवर खूष झालो. होडीचं तोंड बाभळींकडे केलं, बटण दाबलं आणि मागे जाऊन गळाला गांडूळ लावायला घेतलं.

मान वर केली तर बाभळी डाव्या हाताला निघून गेलेल्या, आणि आम्ही थेट पल्याडच्या काठाला! बटणं पुढं, मी मागं. पुढं सरकावं तर होडी डुलते. वल्हं माळ्यावर. शेवटी होडीचं नाक पल्याडच्या चिखलात रुतलं तेव्हाच प्रवास थांबला.

तिथं गाळाच्या जमिनीत काकड्यांचा मळा होता आणि मळ्यात एक बाई उभी होती. राहीबाई तिचं नाव.

"कोन रं तू? काकड्या चोराया आलास व्हय?"

"न्हाई हो, मासे धरायला आलोय."

"मासं पान्यात आसत्यात," ती म्हणाली.

तिनं होडी ढकलून दिली आणि वर चार काकड्याही दिल्या. येताना मी ऑटोपायलट बंद केला, होडीत पालथा पडलो आणि मोटारीच्या मानेला मिठी मारून हातानं दिशा देत अल्याड आलो.

घरी बायकोनं पिशवी उघडली. वृषाली तशी कमी बोलते, पण तिच्या भुवया बोलतात.

"गळाला काकडी लागते?"

"पल्याडच्या बाईंनी दिल्या." (खरं बोलण्याची सवय वाईट.)

"कोण बाई?"

"मळेवाली. होडी आपोआप तिकडं गेली."

"आपोआप," वृषाली म्हणाली आणि चहात साखर न घालता कप पुढे ठेवला.

वल्हं नेणं म्हणजे मशीनपुढं हार मानणं, म्हणून ते माळ्यावरच ठेवून पुढच्या रविवारी मी डोळ्यांत तेल घालून दिशा धरली. होडी पुन्हा काकड्यांच्या मळ्यात. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. आता मला मोटारीचाच संशय यायला लागला. अमेरिकेत हिला काकड्यांची चटक लागली असावी. घरी वृषाली माझ्या शर्टाचा वास घ्यायला लागली. शर्टाला गांडुळांचा वास यायचा, पण तिचं समाधान होत नसे. त्यातच आठवडे बाजारात तिला सहादेव भेटला. हा अल्याडचा जुना मच्छीमार.

"वैनी, सायेब लई नेमानं पल्याड जात्यात," तो म्हणाला. "जाताना बसून जात्यात, येताना पालथं पडून येत्यात. लई दमत्यात."

त्या संध्याकाळी घरात भांडीसुद्धा हळू आवाजात वाजत होती. शेवटी ती म्हणाली, "रविवारी मी येणार. चेतनलाही बोलावलंय. होडी आधी मी चालवणार."

खरं सांगतो, मी घाबरलो होतो. काही केलं नव्हतं, पण न केलेलं सिद्ध कसं करायचं? (आणि त्याच वेळी, कुणाला सांगू नका, आरशापुढं मी जरा जास्त वेळ उभा राहायला लागलो होतो. पंचेचाळिसाव्या वर्षी कुणीतरी आपल्यावर संशय घेतं, हे काही अगदीच वाईट नव्हतं.)

रविवारी तिनं ट्रान्झिस्टर माझ्या हातात दिला. "ही कटकट मला नको." बाभळींकडे तोंड केलं, बटण दाबलं. होडी दोरी लावल्यासारखी सरळ बाभळींपर्यंत गेली, वळली आणि सरळ परत आली. वर तिनं एक मरळही धरून आणली.

"मशीन चांगलं आहे," ती उतरत म्हणाली. "चालवणाऱ्याच्या मनात काय असतं, तेवढंच बघायचं."

मी काठावर उभा, हातात ट्रान्झिस्टर, त्यात आपली विकेट पडलेली. चेतनचं लक्ष त्या ट्रान्झिस्टरकडे गेलं. त्यानं विचारलं, "दाजी, तुम्ही हा रेडिओ कुठं ठेवत होता?"

"मोटारीच्या डोक्यावर. बांधून."

त्यानं कपाळावर हात मारला. "अहो, स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं! होकायंत्राची सुई रेडिओकडंच बघत बसली, होडी वळली तरी मोटारीला कळतच नाही. मग वारा नेईल तिकडं होडी, आणि इथला वारा रोज पल्याड जातो."

"ऐकलंस?" मी विजयानं म्हणालो.

"बहिणीचा संसार वाचवतोय तो," वृषाली म्हणाली. "बांधा रेडिओ. आपण दोघं जाऊ."

रेडिओ बांधला. होडी निमूटपणे पल्याड गेली. चिखलात रुतलो तेव्हा राहीबाई कमरेवर हात ठेवून उभीच होती. साठीची, पदर खोचलेली. वृषाली खाली उतरली.

"हे दर रविवारी तुमच्याकडंच येतात का?"

"येतंया की! तू कोन त्याची?"

"बायको."

राहीबाईनं तिच्या गालावरून हात फिरवला. "बरं झालं आलीस, बाई. मला वाटलं, त्याला कुनीच न्हाई. येडं होडीत बसतंय, रेडू आयकतंय, हितं येऊन धडाकतंय. तोंड बगून कीव आली, म्हून काकड्या दिल्या. येकटं सोडू नगं त्याला."

वृषाली हसायला लागली. आधी हळू, मग इतकी, की तिला चिखलातच बसावं लागलं. राहीबाईही हसली. मी मोटारीचं काहीतरी तपासल्यासारखं केलं.

घरचं वातावरण त्या दिवशी निवळलं. चहात साखर आली. मला मात्र काहीतरी हरवल्यासारखं वाटत होतं.

पुढे कचेरीनं मला ट्रेनिंगसाठी नगरला पाठवायचं ठरवलं. मी मुद्दाम नवा शर्ट घातला आणि वृषालीला म्हणालो, "तूही ये ना. मोठं शहर, एकटा पुरुष..."

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जा हो खुशाल."

तेवढ्यात शेजारच्या मुक्ताबाई दारात आल्या. त्यांच्या दोन तरण्या नणंदा नगरच्या होस्टेलला निघाल्या होत्या. त्यांना एसटीनं एकटं पाठवायची मुक्ताबाईंना भीती वाटत होती, आणि कुणा पुरुषमाणसाच्या सोबतीनं पाठवायची त्याहून जास्त.

"आमच्या ह्यांच्याबरोबर पाठवा," वृषाली म्हणाली. "ह्यांना पुरुषांत धरू नका."