पिवळी वायर

भंगाराच्या खोक्यातून एक वस्तू परत काढायची, एवढाच माझा निर्णय होता.

लेक दोन दिवस रजा काढून घर आवरायला आली होती. तिने हॉलमध्ये तीन खोकी मांडली होती: ठेवायचं, द्यायचं, भंगार. (मी कुठल्या खोक्याजवळ उभा राहतोय याकडे माझं बारीक लक्ष होतं.) तिसऱ्या खोक्यात मला हिचा जुना गेम दिसला. हिचा म्हणजे माझ्या बायकोचा. ती जाऊन सव्वा वर्ष झालं. मोटारींच्या शर्यतीचा तो गेम ती जिवाच्या आकांताने खेळायची, आणि तिचे सगळे रेकॉर्ड त्यातच होते.

"अगं, हा चालतो!"

"बाबा, कालच लावून पाहिला. चित्र येत नाही."

"तुला जमलं नसेल."

"बरं. जेवणाच्या आधी चित्र दाखवा, मग ठेवू."

झालं! मी बाह्या सरसावल्या.

गेमची वायर टीव्हीच्या बाजूला तीन तोंडांची: पिवळं चित्राचं, लाल आणि पांढरं आवाजाचं. टीव्हीला त्याच रंगांची तीन भोकं. यात चुकायला काही वावच नाही. मी रंगाला रंग जुळवला, बटण दाबलं. पडदा काळाकुट्ट, आणि आवाज मात्र पिठाच्या गिरणीसारखा. घुर्रर्र! मी फुंकर मारली, थापट्या दिल्या, वायर काढून पुन्हा घातली. टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरलो आणि बाहेर आलो तेव्हा टीव्ही कुठल्याशा अगम्य भाषेत बोलत होता.

"बाबा, भात लावतेय हं," स्वयंपाकघरातून इशारा आला.

मी मुकाट्याने कोपऱ्यावरच्या टीव्ही मेकॅनिकला बोलावलं. त्याने आधी टीव्हीची भाषा सुधारली, मग तीच तीन तोंडं त्याच तीन भोकांत घातली. घुर्रर्र.

"साहेब, टीव्ही ठणठणीत आहे. मशीन गेलं."

"गेलं म्हणजे?"

"गेलं म्हणजे गेलं. आता त्रास करून घेऊ नका."

सव्वा वर्षापूर्वीही अशाच शब्दांत माझी समजूत घालण्यात आली होती. तेव्हा मी मान डोलावली होती. या वेळी डोलावली नाही. (मेकॅनिक डॉक्टरपेक्षा लहानखुरा होता, हेही खरं.)

तो गेल्यावर म्हटलं, निदान पुसून तरी ठेवू. ओल्या फडक्याने पिवळं तोंड पुसायला घेतलं, तर पिवळा रंग सालीसारखा निघून हातात आला. चिकटपट्टी! आणि खाली तोंड पांढरं. मग पांढरं खरवडलं. खाली पिवळं!

मी तिथेच फरशीवर बसलो.

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. हिचे सगळे रेकॉर्ड मी एकदा पुसून टाकले होते. पडद्यावर काहीतरी प्रश्न आला आणि मी 'हो' दाबलं. समोर येईल त्याला न वाचता मंजुरी द्यायची, ही ऑफिसची सवय. ही तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवसापासून मी एकटा असताना लावला की गेमवर चित्रच येईना. ही लावायची तेव्हा लख्ख दिसायचं. "अहो, तुमच्या हाताला मशीन घाबरतं," असं ती गंभीर चेहऱ्याने सांगायची, आणि मी वीस वर्षं ते खरं मानत आलो.

बाईने रंगच बदलून ठेवले होते! अगदी कडा नीट दाबून, एवढीशी सुरकुती न पडू देता. मी एकटाच बराच वेळ हसलो. मग फडक्याची कोरडी बाजू शोधून चष्मा पुसला.

खरं पिवळं पिवळ्यात घातलं. घुरघुर थांबली, ओळखीचं संगीत वाजलं आणि पडद्यावर लालभडक मोटार उभी राहिली.

"चित्र आलं!" मी असा ओरडलो की लेक हातातल्या पळीसह धावत आली. मेकॅनिकला जमलं नाही ते मी केलं होतं! लगेच रेकॉर्डची यादी उघडली. पडद्यावर प्रश्न आला. मी तो तीनदा वाचला, लेकीकडून वाचून घेतला, मगच बटण दाबलं.

पहिल्यापासून नवव्या नंबरापर्यंत एकच नाव: 'आई'. पळीतलं वरण फरशीवर ठिबकत होतं, तिकडे आम्ही दोघांनीही पाहिलं नाही.

"आणि दहावा बघ!" मी म्हणालो. दहावं नाव होतं 'बाबा'. "खेळता खेळता माझा डोळा लागला होता. जागा झालो तर तुझी आई म्हणाली, अहो, दहावे आलात! झोपेतही माझा हात चालतो, असं मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलंय."

लेक चुळबुळली.

"बाबा, तो नंबर माझा आहे."

"तुझा?"

"मी सहा वर्षांची होते. तुम्ही घोरत होतात. आई म्हणाली, बाबांचं नाव टाक, त्यांना बरं वाटेल."

गेम आता 'ठेवायचं' खोक्यातही नाही, टीव्हीखाली असतो. मी रोज संध्याकाळी तासभर सराव करतो. सध्या माझा अकरावा नंबर असावा. नक्की सांगता येत नाही, यादी दहालाच संपते.