आपलंच घर बघताना

वरच्या मजल्यावरचं घर वर्षभर रिकामं पडून राहिलं, यात घराचा काही दोष नव्हता. घरमालक ते स्वतः दाखवायचे आणि दार उघडता उघडताच सांगायचे, "बाथरूमचा नळ ठिबकतो हं. मागाहून कटकट नको." माणसं उंबऱ्यावरूनच परत फिरायची. शेवटी बायकोनं किल्ल्या काढून घेतल्या आणि घराचं सगळं बघायला एक मॅनेजरबाई नेमल्या.

"तिला असं काय कळतं जास्त?" मालक धुसफुसले.

"मग गिऱ्हाईक बनून जा ना. बघा तिची परीक्षा."

"नापास झाली तर किल्ल्या परत माझ्याकडे."

"कबूल," बायको म्हणाली.

मालक पोहोचले, त्यांच्या मागोमाग एक तरुण जोडपंही घर बघायला आलं. मालकांनी खाकरून विचारलं, "नळ ठिबकतो का हो?"

"ठिबकायचा. कालच बदलून घेतला," मॅनेजरबाई म्हणाल्या.

"ही खिडकी अडकत असेल."

"सुतारानं तासून दिलीय. उघडून बघा."

खिडकी एका बोटानं उघडली आणि ऊन थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत आलं. आजवर मालकांनी त्या खिडकीची फक्त बिजागरी पाहिली होती. घर इतकं देखणं आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. ते चक्क हरखून गेले.

"आणखी दोन-चार घरं बघू या का?" जोडप्यातली मुलगी नवऱ्याला म्हणाली.

"खुशाल बघा. हे मी घेतोय." मालकांच्या तोंडून निघून गेलं.

"थांबा हो काका, आम्ही नाही कुठं म्हटलंय?" नवरा पुढे सरसावला. "बाई, आमचं नक्की समजा."

"मी आधी आलोय. बाई, रंगसुद्धा मी माझ्या हातानं देईन."

मालक अगदी हातघाईवर आले. बाईंनी शांतपणे जोडप्याला होकार दिला आणि मालकांकडे वळल्या. "माफ करा. घरमालकांना वाद घालणारा भाडेकरू चालत नाही."

मालक एवढंसं तोंड करून घरी आले.

"बाई पक्की आहे," ते म्हणाले. "पण घर हातचं गेलं गं."

"भाड्यानं गेलं म्हणा." बायकोला हसू आवरेना. "तुमचा फोटो मीच दाखवला होता तिला. म्हणाली, एक जण हट्टाला पेटला की दुसऱ्याचं पटकन ठरतं. तळमजल्यावरचं घरही भाड्यानं द्यायचंय ना, त्यासाठी परवा बोलावलंय तुम्हाला."

मालकांना खरं तर राग यायला हवा होता. पण गालातल्या गालात हसत ते बायकोजवळ सरकून बसले.

"परवा तूही चल की," ते म्हणाले. "जोडपं असलं म्हणजे जास्त खरं वाटतं."