बापाचा चार्ज

कोळजाईत पोराने एका सुट्टीत तीनदा ‘कंटाळा आला’ म्हटलं आणि तिन्ही वेळा बापाने धड उत्तर दिलं नाही, की बापाची बदली होते.

आईची होत नाही. पूर्वी व्हायची. पण गेलेल्या आईला तिकडे मीठ सापडायचं नाही, आणि इकडे मागे राहिलेल्यांना काहीच सापडायचं नाही. निम्मं गाव उपाशी झोपायला लागलं, तेव्हा पंचायतीने ते बंद केलं. बापाच्या बदलीने तसं काही अडत नाही. नवरेपण हलत नाही, ते जिथल्या तिथे. बापाने सकाळी सातला डबा घेऊन नेमून दिलेल्या घरी जायचं, दिवसभर तिथल्या पोरांचा बाप म्हणून राहायचं, आणि आपल्या घरची पोरं झोपली की नवरा म्हणून परत यायचं. वाटेत स्वतःचं पोर भेटलं तर बोलायचं नाही. पोरांचा गोंधळ होतो.

भालचंद्र फुटाणेची पिठाची गिरणी होती. माणूस गरीब, भुवया कायम पांढऱ्या. लग्नाच्या फोटोत तेवढ्या काळ्या आहेत, म्हणून फोटोत तो कुणाला ओळखू येत नाही. त्याला एकच मुलगी, कस्तुरी, आठ वर्षांची.

मे महिन्याच्या तीन तारखेला कस्तुरी गिरणीत आली आणि म्हणाली, “बाबा, कंटाळा आला.”

भालचंद्र पट्टा चढवत होता. म्हणाला, “मग भिंत मोज.”

नऊ तारखेला पुन्हा आली. तेव्हा म्हणाला, “मग मी काय नाचू?”

चौदा तारखेला आली तेव्हा तो म्हणाला, “हं.”

कस्तुरी तशीच पंचायतीत गेली. रागाबिगात नव्हती. तिच्या वर्गातल्या चौघी जाऊन आल्या होत्या, तीही गेली. तिथली तक्रारीची खिडकी मुद्दाम खाली केलेली आहे, पोरांचं तोंड पोचावं म्हणून. आत रणदिवे मॅडम बसतात.

“भिंत मोज म्हणाले, तेव्हा टेप दिला होता?” मॅडमने विचारलं. टेप दिला असला तर ते उत्तर धरतात.

“नाही.”

“आणि हे ‘हं’. तुझ्याकडे बघून म्हणाले?”

“पट्ट्याकडे बघून.”

मॅडमने लिहून घेतलं आणि तिला एक लिमलेटची गोळी दिली.

दुसऱ्या दिवशी ऑर्डर आली. भालचंद्रची बायको वैजयंता उन्हात पापड घालत होती. तिने हात पदराला पुसून कागद वाचला.

“खालच्या आळीला टाकलंय. सुतारांकडे. तीन पोरं आहेत.”

“तुला काहीच वाटत नाही?”

“माझा नवरा कुठे जातोय? बदली बापाची झालीय,” वैजयंता म्हणाली. “दुपारी गरम भाकरी थापायची वाचेल, तेच बघत होते. आणि तिथे पिठाच्या हाताने पोरांना शिवू नका, सुतारीणबाई फार नीटनेटकी आहे.”

भालचंद्र पंचायतीत गेला. मोठ्या माणसाला त्या खिडकीपुढे वाकावं लागतं. तो वाकला.

“मॅडम, एका ‘हं’साठी बदली?”

“भाऊ, ‘हं’साठीच जास्त होतात.”

“मला एकच आहे हो ती.”

“सगळे हेच सांगतात. तीन असलेले सुद्धा.” मॅडमने एक कोरी वही खिडकीतून बाहेर सरकवली. “सात दिवस आहेत. पोरीचा चार्ज लिहून द्यायचा. स्वतःच्या अक्षरात, बायकोला न विचारता. खाडाखोड चालत नाही. यादी पुरी झाली, नव्या बापाने सही केली, की तुम्ही मोकळे.”

भालचंद्र वही घेऊन निघाला. घरी येऊन पंख्याखाली बसला आणि एका बैठकीत यादी लिहून काढली.

संध्याकाळी नवा बाप आला. वरच्या आळीतले वामन कुंभोजकर. सभ्य माणूस, माऊथ ऑर्गन वाजवायचे. सकाळपासून वाजवायचे, त्यालाच त्यांचा मुलगा कंटाळला होता. त्यांच्याबरोबर मॅडमही आल्या होत्या. ओट्यावर खुर्च्या टाकल्या, मॅडमने यादी मोठ्याने वाचली.

“एक. नाव कस्तुरी. दोन. इयत्ता तिसरी किंवा चौथी. तीन. भात आवडतो. चार. स्वभाव चांगला.” त्यांनी पान उलटून बघितलं. मागे काही नव्हतं. “भाऊ, म्हैस विकताना माणूस यापेक्षा जास्त सांगतो.”

“मी एवढ्यावर सही नाही करणार,” कुंभोजकर म्हणाले. “उद्या पोर रडायला लागली तर कुठून बंद करायची?”

भालचंद्रला ते सांगता येईना. वैजयंता दारात उभी होती, तिला येत होतं, पण ती पापडाकडे बघत राहिली. नियम होता.

“तुमच्या मुलाचा चार्ज किती पानांचा झाला?” भालचंद्रने कुंभोजकरांना विचारलं.

“अर्ध्या पानात संपला,” ते म्हणाले. “अर्ध्या तासात सुटलो.” मग त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

दुसऱ्या दिवशी भालचंद्रने गिरणी बंद ठेवली. वही घेऊन पायरीवर कस्तुरीच्या शेजारी बसला.

“रडायला लागलीस की कुठून बंद होतेस?”

“तुम्हाला कशाला?”

“चार्ज द्यायचाय.”

तिला ते पटलं. “पडले असले तर काही विचारायचं नाही, नुसतं बसायचं. कुणी हसलं म्हणून रडत असले तर विचारायचं, पण एकदाच. आणि उगीच रडत असले तर पंखा मोठा करायचा.”

“उगीच कधी रडतेस?”

“तुम्ही गिरणीत असता तेव्हा. आवाजात ऐकू येत नाही.”

भालचंद्रने तेही लिहिलं. लिहायला वेळ लागला.

तिसऱ्या दिवशी तिने त्याला गिरणीत नेलं. पोत्यांच्या मागच्या अंगाला एक हातभर जागा होती. तिथे ती दोन वर्षं शाळा भरवत होती आणि पोती वर्गात बसत होती. भालचंद्र पोटावर सरपटत आत गेला आणि अडकला. अडकल्या अडकल्या त्याने लिहून घेतलं. गहू हुशार, पण शेजाऱ्याला दाखवतो. बाजरी उशिरा येते. ज्वारीला उत्तर येत असलं तरी उभं करायचं नाही, लाजते.

“आणि मला कुठे बसवतेस?”

“तुमचं नाव पटावर नाही.”

“घालता येईल?”

“सुट्टीत भरती नसते,” कस्तुरी म्हणाली.

लोक दळणाचे डबे घेऊन यायचे, कुलूप बघून पायरीपाशी थांबायचे. “भालचंद्र, घरात मूठभर पीठ नाही रे.” तो म्हणायचा, “चार्ज चाललाय.” मग कुणी पुढे बोलायचं नाही. डबा डोक्यावर घेऊन शेजारच्या गावाला जायचं. कोळजाईत चार्ज म्हटल्यावर लोक समजून घेतात.

कुंभोजकर रोज सातला डबा घेऊन येऊन ओट्यावर बसायचे आणि पानं पुरी होतील तशी वाचायचे. माऊथ ऑर्गन खिशातून काढायचे नाहीत. पाचव्या दिवशी त्यांचा मुलगा रस्त्याने गेला, नियमाप्रमाणे काही बोलला नाही. त्या दिवशी त्यांनी वैजयंताकडे दोनदा चहा मागितला.

सातव्या दिवशी चार वाजता मॅडम शिक्का घेऊन आल्या. यादी दोनशे एकोणीसवर गेली होती. त्यांनी सगळी वाचली, मध्ये दोनदा थांबून पाणी प्यायल्या.

“अजून काही राहिलं, भाऊ?”

भालचंद्रला आता खोटं बोलायचं होतं. पण वही त्याच्याच अक्षरात होती, आणि पोरगी समोर बसून ओट्यावर रेघोट्या मारत होती. त्याने डोकं खाजवलं, पत्र्याकडे बघितलं, पुन्हा पहिल्या पानापासून चाळलं.

“नाही,” तो म्हणाला. “संपलं.”

कुंभोजकरांनी पेनाचं टोपण काढलं. वैजयंताने दाराची चौकट धरली. तिची बदली नव्हती, पण धरली.

“मला बघू दे,” कस्तुरी म्हणाली, आणि वही मांडीवर घेऊन एकेका ओळीखालून बोट फिरवत वाचायला लागली. मॅडमना घाई होती, पण पोराला वाचू द्यावं लागतं. बोट एकशे तीसवर थांबलं.

“हे चुकलंय. भेंडी आवडत नाही, असं लिहिलंय.”

“मंगळवारी तूच सांगितलंस,” भालचंद्र म्हणाला.

“मंगळवारी नव्हती आवडत.”

मॅडमने वही घेतली, डोळ्यांजवळ नेली. “खोडता येणार नाही. यादी नवीन करावी लागेल, पहिल्यापासून.” मग त्या कस्तुरीकडे वळल्या. “भेंडी कशी आवडते? भरलेली की चिरून परतलेली? नीट सांग, म्हणजे पुन्हा चूक नको.”

कस्तुरीने विचार केला. बापाकडे बघितलं नाही, आईकडेही नाही.

“उद्या सांगते,” ती म्हणाली.

मॅडमने रजिस्टरात ‘उद्या’ असं लिहिलं, त्यावर शिक्का मारला आणि गेल्या. कुंभोजकरांनी टोपण लावलं आणि खुर्ची सावलीत ओढली. भालचंद्र वाण्याकडून नवी वही घेऊन आला, दोनशे पानी.

कस्तुरी आता अकरावीत आहे. कुंभोजकरांची खुर्ची दोनदा मोडली, दोन्ही वेळा पंचायतीने नवी दिली. भालचंद्रची बदली झालेली आहे. चार्ज चालू आहे.